ताबा आणि पालकत्व

पती-पत्नी विभक्त झाल्यावर न्यायालयाने अपत्याचा ताबा (नित्य सहवास व दैनंदिन सांभाळ) एकाकडे सोपविला, म्हणजे दुसऱ्याचे पालकत्व (अपत्याच्या हिताची व मिळकतीची कायदेशीर जबाबदारी) संपुष्टात आले, असा समज सर्वत्र रूढ आहे. वस्तुतः सामाईक शेत एका भावाच्या वहिवाटीस असले, तरी दुसऱ्याचे नाव जसे सातबाऱ्यावरून आपोआप कमी होत नाही, तसाच हा प्रकार आहे. भेद इतकाच, की अपत्य ही मिळकत नसल्याने येथे निवाडा आईबापांच्या हक्काच्या नव्हे, तर अपत्याच्या कल्याणाच्या कसोटीवर होतो. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाने हेच कल्याण सर्वोपरी मानले असून, पाच वर्षांखालील मूल सामान्यतः मातेजवळ असावे असेही म्हटले आहे. तथापि तो अनुल्लंघनीय दंडक नव्हे. ज्याच्याकडे ताबा नाही, त्यालाही बहुधा भेटीची मुभा (ठरावीक वारी वा सुटीत सहवास) मिळते, आणि निर्वाहखर्चाचा भार त्याच्यावर राहू शकतो. शिवाय १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २६ अन्वये दिलेला असा हुकूम कायमचा नसून, परिस्थिती पालटल्यास रीतसर अर्ज करून त्यात फेरफार मागता येतो.