क्रीडोद्यानाचें वाढतें तिकीट

अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतीं अ‍ॅनाहाइम गांवीं १९५५ सालीं ‘डिस्नेलँड’ हें क्रीडोद्यान उघडलें, तेव्हां प्रौढ माणसास प्रवेशाला १ डॉलर पडे. आंतील खेळांस निराळीं तिकिटें लागत. त्यांची चोपडीच विकत मिळे. १९५९ पर्यंत तिकिटांची ‘ए’ पासून ‘ई’ पर्यंत प्रतवारी झाली. बहारीच्या खेळांचीं ‘ई’ तिकिटें आधीं संपत आणि बिचारीं ‘ए’ तिकिटें घरीं खणांत पडून राहत.

१९८२ सालीं ही पद्धत मोडून १२ डॉलरांचें एकच तिकीट झालें. सोय खरी, पण एकदां दाम मोजल्यावर कोणता खेळ वगळावा हा विचारच उरला नाहीं. जो तो पैसे वसूल करूं पाहतो. मग रांगा लांबणारच!

२०१६ पासून दिवस पाहून दर ठरूं लागला. २०२४ च्या ऑक्टोबरांत सर्वांत गर्दीच्या दिवसांचा दर २०६ डॉलर झाला, सर्वांत स्वस्त दिवसाचा मात्र १०४ च राहिला. महागाई जमेस धरली तरी १९५५ चा डॉलर २०२४ मध्यें सुमारें १२ डॉलरांचाच भरतो.

लोक कुरकुरतात, पण जातात. कोणी दोन दिवसांचा बेत एकावर आणतो, कोणी फराळ घरून नेतो, कोणी स्वस्त दिवस गांठतो. परंतु स्वस्त दिवस बहुधा शाळा चालू असतांनाचे! ज्यास मुलांच्या सुटींतच जाणें भाग, त्यानें अधिक दाम मोजावे किंवा बेत पुढें ढकलावा. मुलांची शाळा बुडवा, असें आम्हां जुन्या शिक्षकांस सांगवत नाहीं. कित्येक पालक मात्र तेंच करतात.