अद्भुतकथेतल्या म्हाताऱ्या

पुरुषांनी लिहिलेल्या अद्भुतकादंबऱ्यांतल्या बायकांचा विषय निघाला की आमची चर्चक मंडळी इओविनपाशी जाऊन अडते. नाझगुलांच्या म्होरक्याला लोळवणाऱ्या पोरीला टॉल्किनने शेवटी तलवार खाली ठेवायला लावली आणि फॅरामीरशी लग्न लावून दिलं! १९५५ पासून हा खटला चालू आहे. मला त्यात रस नाही. लेखकाची पारख करायची तर त्याच्या म्हाताऱ्या बघाव्यात, हे माझं जुनंच टुमणं. तरुण, देखणी बाई कुणीही रंगवतो. निम्मं काम त्याची हौसच करते.

'हॉबिट'मध्ये (१९३७) बोलणारी बाई औषधालाही नाही, हे कबूल. पण 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधली लोबेलिया घ्या. बिल्बोच्या चांदीच्या चमच्यांवर आणि घरावर डोळा ठेवून असलेली खवट बाई. गावात गुंड शिरतात, तेव्हा छत्री उगारून त्यांच्या अंगावर धावून जाते आणि कोठडीत पडते. सुटते तेव्हा शंभरीची, फ्रोडोच्या हाताला धरून, छत्रीसकट. मरताना पैसा बेघर झालेल्यांसाठी ठेवून जाते. टॉल्किनला स्त्रीद्वेष्टा ठरवून मोकळे होणारे या छत्रीचं काय करतात? पीटर जॅक्सनने तर चित्रपटात ते प्रकरणच गाळलं.

कोननच्या पायाशी लोळणाऱ्या नायिका आणि 'विअर्ड टेल्स'ची उघडीवाघडी मुखपृष्ठं (त्यांतली पुष्कळशी काढणारी मार्गारेट ब्रंडेज बाईच होती) यांवर शाई खर्चत नाही. रॉबर्ट जॉर्डनची ऊठसूट वेणी ओढणारी नायनीव्हही राहू दे.

थांबायचं ते टेरी प्रॅचेटपाशी. 'इक्वल राइट्स' (१९८७) मध्ये ग्रॅनी वेदरवॅक्स आली आणि चेटकिणीचा कायापालट झाला. काळी टोपी, खिळ्यांचे बूट, जिभेला धार. जादू येते, पण वापरायची वेळ क्वचितच. समोरच्याचं डोकं ओळखलं की भागतं. मन पाखराच्या देहात धाडून स्वतः खाटेवर निपचित पडते, तेव्हा हातात पाटी असते : अजून मेलेले नाही. तीही अशुद्ध लिहिलेली! 'द शेफर्ड्स क्राउन' (२०१५) मध्ये वेळ आल्याचं कळताच ती संडाससुद्धा घासून काढते, स्वतःसाठी लांबट टोपली विणते आणि आडवी होते. आता पाटीवर 'बहुधा' मेले आहे. लेखक स्वतः आजारी असताना लिहिलेलं हे प्रकरण मी एका बैठकीत वाचू शकलो नाही.

मार्टिनची ओलेना याच घराण्यातली. सान्साच्या केसांची जाळी नीट करायच्या मिषाने तिने काय काढून घेतलं, ते वाचकाला मागाहून उमगतं.

आता जिकडे बघावं तिकडे सतरा वर्षांची धनुर्धारी. आजी असलीच तर नातीला ताईत देऊन पहिल्याच प्रकरणात मरते. आपल्याकडे मतकरींनी चिंची चेटकीण उभी केली आणि प्रभावळकरांनी ती नाचवली. आज मराठीत अद्भुत लिहू बघणाऱ्यांनी निदान एकीला तरी साठीपर्यंत जगू द्यावं.