वाडीतल्या नव्या खोल्या

दिवेआगरला उतरायचं तर आम्हाला एकच जागा माहीत होती. नारळी-पोफळीच्या वाडीत चिऱ्याच्या भिंतींच्या आणि मंगलोरी कौलांच्या मोजक्या खोल्या, समोर शेणाने सारवलेलं अंगण, जेवायला केळीच्या पानावर उकडीचे मोदक. मागचं बेडं उघडलं की सुरूचं बन आणि त्यापलीकडे चार किलोमीटर लांब किनारा. माझं काम जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं आहे. मला ती जागा आवडायची, कारण ती समुद्राला ओळखून बांधलेली होती. भिंती जाड, खिडक्या समोरासमोर, छप्पर उतरतं, आणि लोखंड जवळजवळ कुठेच नाही.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या याच पट्ट्यात किनाऱ्यावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पोफळीचं नुकसान झाड पडण्यापाशी थांबत नाही. पोफळ सावलीत वाढणारं झाड आहे. आजूबाजूचे माड आणि जुन्या पोफळी गेल्या की उरलेल्या खोडांवर नैर्ऋत्येचं ऊन थेट पडतं, साल भाजते, चिरते, आणि वादळातून वाचलेलं झाड पुढच्या काही वर्षांत वठतं. नव्या रोपाला सुपारी धरायला पाच ते सात वर्षं लागतात. श्रीवर्धनी रोठा सुपारीवर ज्यांचं वर्ष चालायचं, त्यांच्या हाती पाहुण्यांच्या खोल्या एवढंच उत्पन्न राहिलं, आणि तेव्हा टाळेबंदीमुळे पाहुणेही नव्हते.

या वाडीच्या मालकांनी, दादांनी, आधी डागडुजी केली, पत्रे टाकले, कशाबशा खोल्या चालवल्या. मग कर्ज काढून सगळंच काम हाती घेतलं. ते पूर्ण झाल्यावर या हिवाळ्यात मी पुन्हा तिथे राहून आले.

पहिली चांगली गोष्ट छपराची. पत्रे काढून कौलं परत आली आहेत. वादळात छप्पर जातं ते बहुतेकदा वरच्या बाजूला ओढलं गेल्यामुळे. वारा छपरावरून वेगाने गेला की वर दाब कमी होतो आणि आतली हवा त्याला उचलते. कडेचा पहिला पत्रा सुटला की मागचे सुटत जातात, आणि उडता पत्रा माणसाचा जीव घेऊ शकतो. दादांनी कडेच्या ओळींतली कौलं तारेने रिपांना बांधून घेतली आहेत, वासे भिंतीवरच्या लाकडी पाटाला पट्ट्यांनी जखडले आहेत. पडवीचे खांब वादळात पडलेल्या फणसाचे आहेत. गवंडी आणि सुतार दोघंही गावातले. हे काम मी दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं. ते उत्तम आहे.

जुन्या पडवीवर मागे कधीतरी एक स्लॅब घातला होता. त्याची ढलपी पडायची, ती आम्ही सगळ्यांनी पाहिली होती. खाऱ्या हवेतलं मीठ काँक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत पोचतं. गंजलेलं लोखंड मूळच्या काही पट जागा मागतं आणि आतून काँक्रीट फोडतं. म्हणून समुद्राजवळ सळईवर काँक्रीटचं कव्हर जाड लागतं. घराच्या आतल्या कोरड्या भागात 20 मिलिमीटर चालतं. आयएस 456 या भारतीय मानकात किनारपट्टीच्या हवेसाठी 45, आणि खारे तुषार थेट बसत असतील तर 50 मिलिमीटर सांगितलं आहे. खर्चाच्या मानाने हा फरक किरकोळ असतो. तो पाळला जात नाही, कारण स्लॅब ओतून झाल्यावर तो दिसत नाही. कोकणात नवं बांधणाऱ्या प्रत्येकाने सळई बांधून झाल्यावर, काँक्रीट पडायच्या आधी, स्वतः उभं राहून कव्हर ब्लॉक मोजावेत असं मला कळकळीने सांगायचं आहे.

पडवीवरचा तो जुना स्लॅब आता काढून टाकला आहे. पण मागच्या बाजूला समुद्राकडे तोंड करून दोन नव्या खोल्या उभ्या राहिल्या आहेत, आणि त्यांनी मला अस्वस्थ केलं. कामासाठी बाहेरचा ठेकेदार होता. मोठ्या बंद काचा, एसी, गॅलरीचा बाहेर काढलेला स्लॅब. पाहुणे तेच मागतात, असं वहिनी म्हणाल्या, आणि ते खरं आहे. त्या खोल्या आधी भरतात. पण चिऱ्याच्या भिंतीला बाहेरून-आतून सिमेंटचा गिलावा देऊन वर चकचकीत रंग फासला आहे. जांभा ओल घेतो आणि सोडतो. त्याचं तोंड बंद केलं की ओल आणि मीठ आतच राहतं, आणि पायथ्याशी लोणा फुटतो. तो तिथे फुटायला लागला आहे. जुन्या खोल्यांच्या भिंती उघड्या चिऱ्याच्या, चुन्यात भरलेल्या दर्जांच्या. त्या कोरड्या आहेत.

दुसरी काळजी पाण्याची. किनाऱ्याजवळच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. साध्या हिशोबाने समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर खाली सुमारे चाळीस मीटर गोडं पाणी असतं. उपसा करून वरची पातळी खाली नेली की खारं पाणी त्याच पटीत वर सरकतं. जुन्या विहिरी उथळ असायच्या, रहाटाने जेवढं निघेल तेवढंच निघायचं. आता किनाऱ्यावरच्या गावांतून पाहुण्यांसाठी छोटे पोहण्याचे तलाव आणि हिरवळी होत आहेत. समुद्र समोर असताना तलाव कशाला, हा माझा प्रश्न आहे, आणि विहीर खारी झाली की तिच्यावर वाढणारी पोफळही जाते. दादांनी तलावाचा खड्डा आखून ठेवला होता. आम्ही दोघं त्या आखणीपाशी बराच वेळ बोललो. तिथे पोफळीची रोपं लावायचं त्यांनी ठरवलं आहे, केळीच्या सावलीत.

किनाऱ्यालगत काय बांधावं यावर कायद्याचंही बंधन आहे. 1991 पासून किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना आहे. 2019 च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांत भरतीरेषेपासूनची ना-विकास पट्टी 50 मीटरवर आणली, विरळ वस्तीच्या गावांसाठी ती 200 मीटर कायम ठेवली. पण मीटर मोजून समुद्र थांबत नाही. थांबवतात ती वाळूवरची झाडं. मर्यादवेल आणि केवडा वाळू धरून ठेवतात. काही ठिकाणी ‘स्वच्छ’ किनारा दिसावा म्हणून मर्यादवेल उपटून टाकतात, ते थांबलं पाहिजे. वाडीच्या कुंपणाबाहेर ती पुन्हा पसरली आहे, जांभळी फुलं धरून.

दिव्यांबद्दलही मी बोलले. या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. दीड-दोन महिन्यांनी रात्री बाहेर आलेली पिल्लं उजळ क्षितिजाकडे चालतात. एरवी ते समुद्राकडे असतं. पांढरा प्रखर दिवा वाडीच्या बाजूला असेल, तर ती उलटी फिरतात. नव्या खोल्यांवर तसे दोन दिवे होते. दादांनी ते उतरवून खाली तोंड केलेले, झाकलेले पिवळे दिवे लावायचं कबूल केलं, आणि मी निघायच्या आधी त्यातला एक बदललाही.

2020 च्या पावसाळ्यात लावलेल्या काही पोफळींना यंदा पहिली पोय आली आहे. नव्या खोल्यांच्या भिंतींवरचा रंग खरवडून गिलावा उतरवायचा की नाही, हे पावसाळ्यानंतर ठरेल. लोणा कुठवर चढतो ते बघून मी दादांना सांगणार आहे.