लाल वाइन : चव, हिशेब आणि हृदय

गणपती आणि नवरात्र यांच्या मध्ये एक मोकळा शनिवार मिळाला, तेव्हा आम्ही दोन जोडपी फ्रीमाँटहून लिव्हरमोरला गेलो. नापाइतका बोलबाला नसला तरी तिथली वेंटी आणि कॉनकॅनन ही घराणी १८८३ पासून या धंद्यात आहेत. गावातल्या फर्स्ट स्ट्रीटच्या आसपास पायी फिरत आम्ही तीन वाइन बार गाठले. गाडी सौ. चालवणार आणि ती काहीच घेणार नाही, हे घरीच ठरले होते.

आधी चव. लाल वाइनला रंग येतो तो द्राक्षाच्या सालीतून. साल आणि बिया यांतूनच टॅनिन उतरते. त्याने जीभ कोरडी पडते. आपण त्याला सरळ ‘तुरट’ म्हणतो. पिनो न्वार हलकी, कॅबर्ने भारदस्त, तर पेटिट सिराह शाईसारखी गडद. सोबत चीज खाल्ले की तुरटपणा कमी होतो.

आता हिशेब. दर बारमध्ये चार नमुने, प्रत्येकी दीड औंस. तीन बारचे मिळून १८ औंस. अमेरिकेत १२ टक्के अल्कोहोल असलेली ५ औंस वाइन म्हणजे एक ‘ड्रिंक’. त्यात १४ ग्रॅम अल्कोहोल असते. म्हणजे ‘नुसती चाखली’ म्हणता म्हणता साडेतीन ड्रिंक्स पोटात जातात! कॅलिफोर्नियाच्या पुष्कळ लाल वाइन १४ टक्क्यांच्या असतात, तेव्हा आकडा आणखी वाढतो. म्हणून एक घोट घ्यावा आणि उरलेली वाइन काउंटरवरच्या भांड्यात ओतावी. पैसे दिलेत म्हणून ग्लास संपवायलाच हवा असे नाही.

पैशाचेही तसेच. बाटलीत ७५० मिलिलिटर, म्हणजे पाच ग्लास. बारमध्ये १५ डॉलरला एक ग्लास घेण्यापेक्षा ३० डॉलरची बाटली घरी आणली तर ग्लास ६ डॉलरला पडतो. ‘वाइन क्लब’चा फॉर्म मात्र घरी येऊन वाचा. तिमाहीला १२० डॉलर कार्डावर पडले तर वर्षाचे ४८० होतात.

शेवटी महत्त्वाचे. ‘रोज थोडी लाल वाइन हृदयाला चांगली’ हे १९९१ मध्ये अमेरिकन टीव्हीवर ‘फ्रेंच पॅराडॉक्स’ गाजल्यापासून आपण ऐकतो. माझ्या सासऱ्यांनाही कुणीतरी हाच सल्ला दिला होता. ते आयुष्यभर निर्व्यसनी, त्यात मधुमेहाच्या गोळ्या चालू. पण ज्या रेझव्हेराट्रॉलचे कौतुक होते, ते वाइनमध्ये अगदी नगण्य असते. जुन्या पाहण्यांत ‘न पिणारे’ म्हणून मोजलेल्यांपैकी काहींनी आजारपणामुळेच दारू सोडलेली होती, त्यामुळे तुलनाच फसली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले की दारूचे कुठलेही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलनी किमान सात प्रकारच्या कॅन्सरशी तिचा संबंध असल्याचा इशारा दिला.

आपल्या लोकांत हृदयविकार आणि मधुमेह आधीच जास्त. इन्सुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर दारूने धोका वाढतो. भारतातून आई-बाबा आले असतील तर त्यांच्यापुढे ग्लास ठेवण्याआधी डॉक्टरांना विचारा. आवडत असेल त्यांनी चवीसाठी जरूर चाखावी, पण औषध म्हणून कुणीही सुरू करू नये.