मांजरपाटाचा त्रिकोण

एक मीटर लांब, एक मीटर रुंद मांजरपाट घ्यायचा आणि कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरका कापायचा. दोन त्रिकोणी पट्ट्या तयार होतात. प्रथमोपचाराच्या पेटीतली ही सगळ्यात स्वस्त वस्तू. पेटी उघडली की हात आधी मलमाकडे, गोळ्यांकडे जातो आणि ही पट्टी तळाशी घडी मोडल्याशिवाय वर्षानुवर्षं पडून राहते. पण हरिश्चंद्रगडावर किंवा अलंग-मदनच्या वाटेवर, गाडीरस्ता कित्येक तास खाली राहिलेला असताना, माझा पहिला भरवसा तिच्यावर असतो.

तिला घरोघर पोहोचवणारा माणूस होता जर्मन शल्यविशारद फ्रीड्रिख फॉन एस्मार्ख. एकोणिसाव्या शतकातल्या लढायांत जखमी सैनिक वेळेवर पट्टी न मिळाल्यामुळे मरतात, हे त्यानं पाहिलं होतं. त्यानं या पट्टीवरच चित्रं छापली. डोक्याला कशी बांधायची, गुडघ्याला कशी, हात झोळीत कसा घ्यायचा, हे सगळं कापडावरच. पुढे लंडनमध्ये सेंट जॉन संस्थेचे नागरिकांसाठीचे वर्ग पाहून त्यानं १८८२ साली कील शहरात तशीच शाळा काढली. डॉक्टर येईपर्यंत काय करायचं हे साध्या माणसालाही शिकवता येतं, हा तेव्हा धाडसी विचार होता.

तेच शिक्षण आज आपल्याकडे सेंट जॉन अँब्युलन्सच्या वर्गांतून मिळतं. शहरात त्यामागे एक गृहीत असतं, की थोड्या वेळात रुग्णवाहिका येईल. डोंगरात ते गृहीत गळून पडतं. घोट्याला दुखापत झालेला मुलगा संध्याकाळी पाचला कड्याखाली बसलाय, मोबाइलला रेंज नाही, गावात निरोप घेऊन दोघं निघालेत. आता त्याच्याजवळ रात्रभर बसायचं असू शकतं. म्हणून दुर्गम भागातल्या प्रथमोपचाराचा वेगळा अभ्यासक्रम असतो. छोटा वर्ग दोन दिवसांचा, मोठा आठ-दहा दिवसांचा. त्यातला बराच वेळ बांधण्यात नाही, तपासण्यात जातो.

पट्टीची कामं मात्र आधी हाताला यायला हवीत. टोक पायथ्यावर आणून त्याच दिशेनं पुन्हा एक घडी घातली, की रुंद पट्टी. अजून एक घडी, की अरुंद. गाठ रीफ नॉट: डावं उजव्यावर, मग उजवं डाव्यावर. ती सपाट बसते, अंगात रुतत नाही आणि सोडायलाही सोपी. घोटा मुरगळला असेल आणि उतरण्याला पर्याय नसेल, तर बूट काढायचा नाही. सूज आली की तो पुन्हा चढत नाही. बुटावरूनच अरुंद पट्टीचा इंग्रजी आठाचा आकडा घालायचा. नडगी मोडली असेल तर दोन्ही पायांमध्ये स्वेटर किंवा कॅरीमॅटची घडी ठेवायची, दुखरा पाय धडधाकट पायाला बांधायचा आणि गाठी धडधाकट बाजूला घ्यायच्या. काठी, छत्री, ट्रेकिंग पोल, सगळं आधाराला चालतं.

आणि बांधून झालं की खरं काम सुरू होतं. बोटाचं नख दाबून सोडायचं. पांढरं पडलेलं नख दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. बोटं गार आहेत का? मुंग्या येतात का? थोड्या थोड्या वेळानं पुन्हा तेच पाहायचं, कारण सूज वाढते आणि सैल वाटलेली गाठ तासाभरात फास होते. नाडी, श्वास, बोलणं, वेळ, सगळं कागदावर उतरवायचं. थकलेला, भिजलेला माणूस लक्षात ठेवू शकत नाही.

हीच पट्टी कधी आवळायची नाही, हे मला सगळ्यात मोलाचं शिक्षण वाटतं. साप चावला की वरच्या बाजूला दोरी करकचून बांधायची, ही आपल्याकडची जुनी सवय अजून गेलेली नाही. फुरसं किंवा घोणस यांचं विष मुळातच पेशी नासवतं. रक्त अडवलं की तो अवयवच जाण्याची वेळ येते. चिरायचं नाही, चोखायचं नाही. अंगठी, कडं, पैंजण आधी काढायचं, काठीचा आधार देऊन हात किंवा पाय सैलसर बांधायचा आणि माणसाला चालू न देता उचलून न्यायचं. औषध एकच, घोड्यांच्या रक्तापासून तयार होणारं प्रतिविष, आणि ते दवाखान्यातच मिळतं.

लाल विंचवाचंही तसंच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणात राहून प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध विंचूदंशावर वापरलं आणि सुमारे ४० टक्के असलेलं मृत्यूचं प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आलं. डोंगरावर आपल्याला हे औषध द्यायचं नसतं. पण दंशानंतर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं हे किती वाजता सुरू झालं, ते डॉक्टरांना सांगणारा माणूस सोबत असेल तर त्यांची किती मिनिटं वाचतात!

मग उरतं वाहून नेणं. लोणावळ्याचं शिवदुर्ग मित्र, खोपोलीचे यशवंती हायकर्स असे गट स्ट्रेचर, दोर घेऊन स्वतःच्या कामधंद्यातून धावत येतात. पण त्यांच्याही आधी पोहोचतात ती पायथ्याच्या गावातली माणसं. बांबू आणि घोंगडी यांची डोली करून बाळंतिणीला, आजाऱ्याला रस्त्यापर्यंत आणणं हे अनेक वाड्यांवर आजही करावं लागतं. घसरड्या उतारावर खांदा कधी बदलायचा, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. वर्ग शहरातल्या सभागृहांत भरतात, याचं म्हणून मला फार वाईट वाटतं. ते या वाड्यांच्या शाळेत, त्यांच्या सोयीच्या दिवशी, विनामूल्य भरायला हवेत, आणि डोली कशी उचलायची तो तास गावकऱ्यांनी घ्यायला हवा.

सेंट जॉनच्या प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते. हात त्याहून लवकर विसरतो. आमच्याकडे पावसाळ्याआधीच्या एका रविवारी सगळ्यांच्या पट्ट्या बाहेर निघतात. एकमेकांचे हातपाय बांधून, नखं दाबून, गाठी सोडून होतात. मग पट्ट्या धुऊन वाळत घालायच्या, इस्त्री करायची आणि सॅकच्या अगदी वरच्या कप्प्यात ठेवायच्या, अंधारात हाताला लागतील अशा.