पद्मिनीचा लांबलेला मुक्काम

१९५०च्या दशकात रस्त्यावर आलेल्या फियाट ११००ला मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' म्हणून टाकलं. गोल पाठ, पुढे आलेलं नाक आणि उलट्या बाजूने उघडणारे पुढचे दरवाजे पाहता नाव अगदीच अन्यायाचं नव्हतं. पण याच डुकराच्या वंशात पुढे राणीचं नाव लावणारी गाडी निघाली आणि मुंबईत जवळपास साठ वर्षं ठाण मांडून बसली. प्रीमियर पद्मिनीच्या आठवणीने आज गहिवरणाऱ्यांनी हा मुक्काम इतका लांबला कसा, तेही पाहायला हवं.

वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ जोडल्या जात, मग फियाटशी करार झाला. १९५३ मध्ये सरकारने धोरण ठरवलं: इथे गाड्या बनवायच्या असतील तर रहा, नुसते सुटे भाग आणून जोडणार असाल तर निघा. जनरल मोटर्सने शिवडीची जोडणी १९५४ मध्ये गुंडाळली. मैदानात उरल्या अँबॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड. एवढ्यावर देशाने तीन दशकं काढली.

१९६४ मध्ये कुर्ल्यातून ११००-डी निघू लागली. पद्मिनी म्हणून जी आपल्या डोळ्यांसमोर येते, ती हीच. इटलीत हे मॉडेल १९६६ला संपलं, तर १९६९ मध्ये फियाट १२८ आली आणि ११००चं सगळं खानदानच निवृत्त झालं. इकडे फियाटबरोबरचा करार संपला, तशी गाडी आधी 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ मध्ये 'पद्मिनी'. बारसं दोनदा झालं, मूल तेच राहिलं.

त्या काळात गाडी विकत मिळत नसे, तिचा नंबर लागत असे. पैसे भरून वर्षानुवर्षं वाट पाहायची, किंवा ज्याचा नंबर लागलाय त्याला वरचे 'ऑन' मोजायचे. किमतीवर सरकारचं नियंत्रण होतं आणि त्यावरून प्रीमियरचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. 'आमची फियाट वीस वर्षं टिकली' हे कौतुक ऐकताना एवढं ध्यानात ठेवावं, की टिकवल्याशिवाय मालकाला गत्यंतरच नव्हतं.

गाडीतही लाडावून घेण्याची खोड होती. सकाळी चोक ओढायचा, थोडं आर्जव करायचं, तरीही नाहीच ऐकलं तर शेजाऱ्यांना धक्क्यासाठी हाक मारायची. मे महिन्यात खंडाळ्याचा घाट चढताना फ्युएल पंप तापून पेट्रोलची वाफ होई आणि इंजिन बंद पडे. मग बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि कुटुंबाने दरीचं सौंदर्य पाहायचं. स्टीअरिंगच्या दांड्यावरचा गियर मात्र झकास. त्यामुळे पुढच्या सलग सीटवर तिसरा माणूस मावे, आणि चौथा बसला तरी कोणी हरकत घेत नसे.

तरी तिचे गुण खरे होते. १०८९ सीसीचं ते इंजिन इतकं साधं, की नाक्यावरचा कुठलाही मिस्त्री ते खोलून परत बसवी. अँबॅसडरपेक्षा ती आटोपशीर, गिरगावच्या गल्लीत सहज वळणारी. कोलकात्याच्या टॅक्सीवाल्याने अँबॅसडर धरली आणि मुंबईच्या टॅक्सीवाल्याने फियाट, त्यात हिशोब होता.

१४ डिसेंबर १९८३ला मारुती ८००च्या पहिल्या चाव्या दिल्या गेल्या. गाडी सकाळी पहिल्या झटक्यात सुरू होते, हेच तेव्हा नवल होतं. प्रीमियरने १९८५ मध्ये उत्तर दिलं ११८ एनईने. अंगकाठी फियाट १२४ची, म्हणजे १९६६ सालची, आणि इंजिन निस्सानचं. नव्याशी लढायला आणखी एक जुनं, अशी ही रणनीती. पुढे कल्याणजवळच्या कारखान्यातून प्यूजो ३०९ आली, फियाटची उनो आली, संप झाले, भागीदार गेले. त्या धामधुमीतही पद्मिनी निघतच होती. ती थांबली सहस्रक बदलताना.

पण टॅक्सीवाल्याला ही बातमी कळली नसावी, किंवा कळून त्याने मनावर घेतली नाही. सीएनजी आला, तसा डिकीत सिलिंडर बसला आणि गिऱ्हाइकाच्या बॅगा टपावरच्या कॅरियरवर गेल्या. आत छताला फुलाफुलांचं रेक्झिन, डॅशबोर्डवर देव. काळ्या-पिवळ्या पद्मिनीला अखेर बाजारातल्या स्पर्धकाने हटवलं नाही, तिला हटवलं वयोमर्यादेने. ताडदेव आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षांच्या नियमाने ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईत ही टॅक्सी अधिकृतपणे उरली नाही.

निदान एक पद्मिनी जतन करावी, अशी मागणी टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने सरकारकडे केली होती. मागणी रास्त आहे. फक्त ठेवायची झाली, तर शोरूममधून आणल्यासारखी पॉलिश करून ठेवू नये. डिकीतला सिलिंडर, टपावरचं कॅरियर, बाहेर लटकलेला मीटर आणि जोरात ओढल्याशिवाय न लागणारा मागचा डावा दरवाजा, सगळं तसंच राहू द्यावं. चकचकीत पद्मिनी मुंबईकराच्या वाट्याला क्वचितच आली. तो भाडं देऊन बसला, तो या दुसरीतच.