कुत्र्याची निसटती वाटी आणि घरचा व्यायाम

कुत्र्याच्या मागच्या पायाच्या गुडघ्यावर लहानशी वाटी असते. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला एक खाच असते. सरकत्या खिडकीची काच पट्टीतून सरकावी तशी ही वाटी त्या खाचेतून वरखाली होते. खाच उथळ असली किंवा मांडी-नडगीची हाडे किंचित वळलेली असली, की स्नायूची ओढ तिरकी पडते आणि वाटी बाहेर निसटते. पॉमेरेनियन, चिवावा, यॉर्कशायर टेरियर अशा लहान जातींत ती बहुधा आतल्या बाजूला जाते. कुत्रा दोन-चार पावले लंगडी घालतो, पाय मागे झटकतो आणि वाटी जागेवर आली की पुन्हा धावू लागतो.

या दोषाच्या चार पायऱ्या मानतात. पहिल्या पायरीत वाटी बोटाने ढकलली तरच निसटते. दुसरीत ती आपोआप निसटते आणि परतही येते. तिसरीत बहुतेक वेळ बाहेरच असते, पण हाताने बसवता येते. चौथीत तीही सोय उरत नाही.

व्यायामाने खाच खोल होत नाही, हाड सरळ होत नाही. मात्र मांडीचे स्नायू बळकट झाले, की सांध्याला आधार मिळतो. म्हणून पहिल्या दोन पायऱ्यांत आणि शस्त्रक्रियेनंतर घरच्या व्यायामाला मोल आहे. कोणता व्यायाम किती करायचा, हे पशुवैद्याने तपासून ठरवावे.

सुरुवात फरशीपासून होते. मुंबईतल्या माहुलच्या पुनर्वसन वसाहतीतल्यासारख्या छोट्या खोल्यांत कुत्र्याचा सारा वावर गुळगुळीत लादीवर होतो. पाय घसरला, की गुडघ्याला पीळ बसतो. येण्याजाण्याच्या वाटेवर रबरी चटई किंवा तळाला पकड असलेली सतरंजी अंथरावी, पंजाखालचे केस आणि नखे कापावीत. पलंगावरून उड्या आणि जिन्यावरची धावपळ बंद ठेवावी. लहान कुत्र्याला उचलून न्यावे.

सर्वांत सोपा व्यायाम म्हणजे उठबस. खाऊ दाखवून कुत्र्याला सरळ बसवावे आणि सावकाश उठवावे. एका वेळी पाच-सहा उठबशा सुरुवातीला पुरतात. त्याच्या जोडीला पट्टा लावून संथ चाल हवी. कुत्रा भरभर चालला, तर दुखरा पाय उचलून धरतो. हळू चालला, तर त्यावर भार द्यावाच लागतो. पुढे जमिनीलगत ठेवलेल्या काठ्या ओलांडायला लावाव्यात. त्याने गुडघा नीट वाकतो आणि तोल सुधारतो. कुशीवर झोपवून पाय हलकेच वाकवणे-सरळ करणे हेही उपयोगी आहे, पण कुत्र्याने अंग आखडले, मान वळवली किंवा तो गुरगुरला, तर तिथेच थांबावे.

वजन आटोक्यात ठेवणे हाही उपचारच आहे. बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. बिस्किटे आणि ताटातले घास मोजके हवेत. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कधीही देऊ नयेत. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

पाय टेकवेनासा झाला, गुडघा सुजला किंवा लंगडणे अचानक वाढले, तर व्यायाम थांबवून कुत्र्याला दवाखान्यात न्यावे. अशा गुडघ्यातला अस्थिबंध तुटण्याचाही धोका असतो. मुंबईत असाल, तर परळला १८८३ साली उभे राहिलेले बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय आहे. तिसऱ्या-चौथ्या पायरीत सहसा खाच खोल करण्याची आणि स्नायूची ओढ सरळ आणण्याची शस्त्रक्रिया करावी लागते. त्यानंतरचे काही आठवडे विश्रांतीचे आणि हळूहळू वाढवत नेलेल्या व्यायामाचे असतात. तो नेमाने झाला, तरच पायात पुन्हा बळ येते.